पुठ्ठ्याच्या घरावरचा गणपती

॥ नर्मदामाई प्रसन्न ॥

जबलपूर, बुधवार

ती. पुष्पावन्संना क्षमेचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? काल ग्वारीघाटावर तुमच्या नावाचा दिवा सोडला. तो मध्येच एका नावेला धडकून विझला, पण पोचला असं समजा. तुमच्या भावाचं बीपी ठीक आहे. माझं विचारू नका.

आमचा वेदांग शहपुऱ्याच्या रस्त्याला टेकडीवर घर बांधून राहिला, हे कळलंच असेल (अजून सगळं कागदावरच आहे). साधंसुधं नाही, 'सस्टेनेबल'. नकाशा त्याच्या मित्राचा, अनुपमचा. सस्टेनेबल म्हणजे काय, तर धुण्याचं पाणी झाडांना, वीज उन्हाची, वाया काही घालवायचं नाही. आता तांदळाचं धुवण कढीपत्त्याला, जुन्या चादरीची पायपुसणी, अन् पायपुसणं विरलं की त्याचा बोळा मोरीला, हे मी मॅट्रिकच्या शिक्षणावर जन्मभर करून राहिले. तेव्हा त्याला चिकटपणा म्हणत (तुम्हीही एकदा म्हणाला होतात, मी मनात ठेवलं नाही). अनुपम म्हणतो, "आंटीजी, ये घर पहाड़ी के साथ बहेगा." मी म्हटलं, "बहना नर्मदामाई को शोभा देता है भैया, घर को नहीं."

तर हे घर उलटं आहे. रस्ता टेकडीच्या माथ्यावर, म्हणून दार अन् बैठक सगळ्यात वर; तिथून घर खाली खाली उतरत जातं. त्याखाली स्वयंपाकघर, त्याखाली वेदांग-चिन्मयीची, म्हणजे मुलाची-सुनेची खोली, अन् अगदी तळाला देवघर आणि आम्हा दोघांची खोली. तिला नाव दिलंय 'शांत कोपरा'. म्हणजे वन्सं, अख्ख्या घराचे पाय देवांच्या डोक्यावर! त्यातही देवघराच्या बरोबर वर काय येतं, तर चिन्मयीचा संडास (नकाशा उलटासुलटा धरून पाहिला, तरी तिथंच येतो). छपरावर हिरवळ, तीही रस्त्याला टेकलेली, म्हणजे उद्या गाय थेट छपरावर चरेल. गायीचं मी चालवून घेईन, तिचे पाय पवित्र आहेत. वेदांगच्या मित्रांचे नाहीत. मी म्हटलं, देवघर वर न्या. अनुपम म्हणाला, वर सोलर आहे. अरे, सूर्यनारायण काय परका आहे? शेजारी शेजारी राहतील. नाही म्हणाला.

रविवारी तो त्या घराचं पुठ्ठ्याचं मॉडेल घेऊन आला. दुसऱ्या दिवशी ते प्रदर्शनात मांडायचं होतं. सगळे आत चहाला गेले तेवढ्यात मी पुठ्ठ्याच्या छपरावर, सोलरच्या पाट्यांच्या मधोमध, चिमूटभर तांदळावर सुपारी ठेवली अन् हळदकुंकू वाहिलं. दूर्वा शोधाव्या लागल्या नाहीत, अनुपमने गवत चिकटवलेलंच होतं. गणपती बसला. आता उठवून दाखवा!

वेदांग म्हणाला, "आई, काहून असं करून राहिली तू? काढ नं ती सुपारी." मी म्हटलं, विसर्जनाशिवाय गणपती हलत नाही, अन् देवघर वर गेल्याशिवाय विसर्जन नाही. अनुपम रोज येतो, जोडे काढून हात जोडतो, गूळखोबरं खातो अन् रिकाम्या हाताने जातो. प्रदर्शन त्याच्याविना सुरू झालं. तुमच्या भावाला विचारलं, तर "दोघांचंही बरोबर आहे" (याच वाक्यावर त्यांनी अख्खी सरकारी नोकरी काढली). मी मात्र हटणार नाही. टेकडीला हटवता येत नाही म्हणून घर वाकवलंत ना? मग मलाही टेकडीच समजा.

आपली, नावापुरतीच,
क्षमा

ता. क. आवाहनाचा मंत्र मी म्हटलेलाच नाही. ती सुपारी यांच्या पानाच्या डब्यातली आहे. देवाशी लबाडी करू नये. मुलाशी केली, ती मी निस्तरीन. तुम्ही बोलू नका.

ता. क. दुसरा. पत्र बंद करता करता अनुपम नरमला. देवघर वर नेतो म्हणाला, पण आंटीजी-अंकलजींची खोली खालीच, शांतता मिळेल. शांतता मागितली कोणी? तिथं भाजीवाल्याची हाक नाही, कोण आलं-गेलं दिसत नाही. दिसतात फक्त झाडं, अन् त्यांना काही विचारता येत नाही. तुम्ही घरात मोठ्या. वेदांगला फोन करून एवढंच सांगा, की आपल्या कुळात देवांना रात्री एकटं ठेवत नाहीत, शेजारच्या खोलीत घरातलं वडीलधारं माणूस लागतं. असा कुळाचार नाही, हे मला माहीत आहे. आजपासून सुरू करा.