पुन्हा काढलेलं स्कॅन

५ फेब्रुवारी

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. आधी बातमी, मग टोमणे. भिंगरीचं स्कॅन स्वच्छ आलं! केमोच्या दोन फेऱ्यांनंतरचं हे स्कॅन कोरं आलं तर औषधं लागू पडताहेत, मग छातीला रेडिएशन नको, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीची छाती भाजायची नाही म्हटल्यावर मी त्यांच्या टेबलावरच रडले. त्यांनी सवयीने फाईल उचलून घेतली.

भिंगरीला काळजी टकलाची. वर्गाच्या फोटोत ती मास्तरांशेजारी बसणार नाही म्हणते, दोन टकलं शेजारी नकोत.

सोबत सीडी पाठवतेय. अठरा वर्षं त्या यंत्रापाशी नोकरी करतोस, तर बघ आणि मान्य कर, की माझी लेक आतूनही देखणी आहे.

लोभ आहेच, तो वाढव.

ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

सीडी तीनदा पाहिली. टोमण्यांची परतफेड नंतर. आज एकच विचारतो, रागावू नकोस. स्कॅनआधी भिंगरीने काही खाल्लं होतं का?

आम्ही शिरेतून किंचित किरणोत्सर्गी साखर सोडतो. उपाशी पोटी ती गाठींकडे धावते आणि गाठी चित्रात पेटतात. पण पोटात काही गेलं, की तीच साखर स्नायू ओढून घेतात. तिच्या मांड्या आणि दंड लखलखताहेत. सीडीतल्या रिपोर्टात, मूल फार चुळबुळं, म्हणून स्नायू उजळले, असं लिहून विषय संपवलाय. अशा चित्रात जिवंत गाठही विझलेली दिसू शकते.

मी डॉक्टर नाही, नुसता तंत्रज्ञ. चुकलो तर जन्मभर चिडव. पण खाल्लं असेल तर डॉक्टरीणबाईंना सांग आणि स्कॅन पुन्हा करून घे.

भिंगरीला पापा. माया राहू दे.

बारक्या

१३ फेब्रुवारी

बारक्यास,

आशीर्वाद नाहीत. सहा तास उपाशी ठेवली होती, कागदावर माझी सही आहे. किती महिन्यांनी या घरात कोणी हसलं, तेही तुला बघवलं नाही. आपलं शहाणपण आपल्यापाशी ठेव.

ताई

२१ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद. मागच्या वेळी अडवलेलेही यात धर.

खाल्लं होतं. मीच दिली, दोन बिस्किटं, दवाखान्याच्या बाथरूममध्ये, नळ सोडून. महिनाभर घास न घेणारी पोर आपण होऊन भूक लागली म्हणाली रे. वर तिला शिकवलं, की कोणी विचारलं तर नाही म्हणायचं. तिने ते इतक्या सफाईने सांगितलं, की मला कौतुकच वाटलं.

तुला लिहिलेलं ते पत्र पेटीत टाकलं आणि तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त तारीख दिली.

काल स्कॅन झालं. मांड्या काळोख्या, आणि छातीच्या मधोमध लिंबाएवढा उजेड. आता औषधं अधिक कडक आणि शेवटी रेडिएशन. वेळेवर कळलं, असं त्या म्हणाल्या. आमच्या घरी हल्ली चांगली बातमी अशी असते.

भिंगरीला सगळं खरं सांगितलं. ती रडली नाही. पण आता भूक लागली, की आधी माझ्या तोंडाकडे बघते आणि हळूच विचारते, की लागलीय असं सांगितलं तर चालेल का.

हवा तेवढा रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.

ताई