मेडिकलचा गाळा भरतेशला का नाही

मी, तवनाप्पा आदगोंडा आवटी, वय ७६, धंदा मेडिकल दुकान (आता बंद), राहणार समडोळी, तालुका मिरज, जिल्हा सांगली, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हाताला कंप आहे, पण डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला आमच्या गावचे डॉ. अतिशय चौगुले यांनी तपासून दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून वळवलेले नाही. फक्त कलम ५ एका बाईंच्या सांगण्यावरून लिहिले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. लिहायचे म्हटले की भरतेशपाशी येऊन थांबत होतो.

कलम १. राहते घर माझी नात चंदना हिच्या नावे व्हावे. तिची आई, म्हणजे माझी सून सौ. दीपाली, हिला त्यात हयातभर राहण्याचा हक्क राहील. माझा मुलगा भरतेश याला ते विकता किंवा गहाण टाकता येणार नाही.

दीपालीला याचे कारण माहीत आहे, पण माझ्या तोंडून तिने ते ऐकलेले नाही. भरतेश खोकल्याचे सिरप पितो, तेही बाटल्याच्या बाटल्या, हे मला तिच्या लग्नाआधी कळले होते. त्याच्या गादीखाली रिकाम्या बाटल्या निघाल्या होत्या. माझा धाकटा भाऊ नानासो म्हणाला की लग्न केलं की पोरगं ताळ्यावर येतं. दोष नानासोला देत नाही. मुलगी बघायला मी गेलो होतो, आणि तिच्या वडिलांनी मुलाला काही व्यसन आहे का विचारले तेव्हा आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही असे मीच सांगितले. ते खरे होते. म्हणून ते समाधानाने उठले.

कलम २. भरतेशबद्दल. त्याला पुढची खोली, दोन वेळचे जेवण आणि अंगावरचे कपडे मिळावेत. रोख काही हातात देऊ नये. बँकेतील ठेवीचे व्याज त्याच्या उपचारासाठी ठेवले आहे, ते परस्पर व्यसनमुक्ती केंद्राला भरावे. दोनदा तो तिथून पळून आला आहे. तिसऱ्यांदा जाईल म्हणाला तर कोणी टोमणा मारू नये, गाडी करून सोडून यावे. मी त्याच्यावर रागावून लिहीत नाही. माझे त्याच्यावर फार प्रेम आहे आणि मी फार थकलो आहे.

आमच्याकडे पाणी गाळून पितात, दिवस मावळायच्या आत जेवतात. भरतेश आठवीत असताना मित्राकडे कांदाभजी खाऊन आला, ते मला दारातच वासावरून कळले आणि मी त्याला दुसऱ्या दिवशी उपवास करायला लावला. सिरपचा वास मात्र मला कधी खटकला नाही. तो वास माझ्याच सदऱ्याला तीस वर्षे येत होता. नशा म्हणजे दारू, आणि दारू म्हणजे दुसऱ्यांच्या घरातली गोष्ट, असे मी धरून चाललो. बाटलीवर औषध लिहिलेले होते, तेवढे मला पुरले.

कलम ३. दुकानातले भिंतीवरचे घड्याळ. हे मला एका वितरकाने सर्वांत जास्त सिरप खपवल्याबद्दल शाल घालून दिले. त्या दिवशी मी पेढे वाटले. गावात एवढा खोकला नव्हता, हे मला पेढे वाटतानाही माहीत होते. घड्याळ अजून बरोबर वेळ दाखवते. चंदनाच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी ते लावू नये.

कलम ४. बसस्टँडजवळचा मेडिकलचा गाळा. भरतेशला तो हवा आहे, आणि त्यासाठी त्याने माझ्याशी बरेच भांडण केले. शेवटी तो म्हणाला, "आप्पा, तुमी इकल्यालं चालतंय आनि मी पिल्यालं चालत न्हाई व्हय?" त्याचे उत्तर कलम ५ मध्ये लिहिले आहे. गाळा दीपालीच्या नावे करावा. ती ब्लाउज शिवते, तिची दोन यंत्रे तिथे नीट बसतील. त्या जागेत पुन्हा औषधाचे दुकान काढू नये, भाड्यानेही देऊ नये. माझा परवाना मी परत केला आहे. जुनी फळीदार कपाटे फोडून सरपणाला वापरली तरी माझी हरकत नाही.

कलम ५. हे कलम श्रीमती मनुबाई नाथाजी माने यांच्यासाठी आहे. त्या आमच्या गावच्याच, पलीकडच्या गल्लीतल्या. त्यांचे मालक फौजेत होते, ते वारले. त्यांना एकच मुलगा, साईराज.

नऊ वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मनुबाई दुकानात आल्या. पिशवीतून रिकाम्या बाटल्या काढून त्यांनी काउंटरवर मांडल्या. साईराजच्या उशाला सापडल्या, म्हणाल्या. मग मला विचारले, "आप्पा, ह्यात काय आसतंय?"

मी म्हणालो, खोकल्याचं औषध.

त्या वेळी ह्यात काय असते ते मला चार वर्षे घरात दिसत होते. भरतेश दुपारपर्यंत उठत नव्हता, दीपाली पदराने डोळे पुसत ताट झाकून ठेवत होती. खरे सांगितले असते तर तुम्हाला कसे माहीत असे त्यांनी विचारले असते, आणि माझ्या घराची अब्रू चव्हाट्यावर आली असती. म्हणून मी खोटे बोललो. त्यांनी बाटल्या पिशवीत भरल्या आणि विश्वासाने घरी गेल्या.

त्यानंतरही साईराज येत राहिला आणि मी देत राहिलो. मी नाही दिले तर दुसरा देईल, असे स्वतःला सांगायचो. जानेवारीत तो उसाच्या ट्रॅक्टरवरून झोपेत खाली पडला आणि ट्रॉलीखाली सापडून जागीच गेला. आदल्या दिवशीची बाटली माझ्या हातची होती. त्यानंतर मी सिरप ठेवणे बंद केले.

दरवर्षी पर्युषण संपले की क्षमावलीला आम्ही घरोघर जाऊन वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो. मी आठ वर्षे साऱ्या गल्लीत फिरलो. ज्यांचे मी काही बिघडवले नव्हते त्यांच्यापुढे हात जोडले, चहा घेतला आणि हलके वाटून घेतले. मनुबाईंच्या गल्लीत वळलो नाही. ते आपल्या समाजातले नाहीत, अशी माझी मला सबब होती.

यंदा गेलो. त्या ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मी हात जोडले आणि सगळे सांगितले. त्यांनी शेंगांचे सूप बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "तवा बी तोंडानंच सांगितलंसा, आप्पा. आता तोंडानं नगं. लिवून द्या. त्याचं नाव घालून लिवा." त्यांच्या नावे काही ठेवावे असे मनात होते, तेही त्यांनी नको म्हटले.

म्हणून लिहितो. साईराज नाथाजी माने, मृत्यूसमयी वय २३, याला मी नशेचे सिरप विकले, आणि त्याच्या आईने विचारले तेव्हा तिला खोटे सांगितले. माझ्या तेराव्याला सगळे जमतील तेव्हा हे कलम दीपालीने मोठ्याने वाचावे. नानासो अडवेल, त्याचे ऐकू नये. भरतेशलाही समोर बसवावे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे, चालत नव्हते.

माझ्या मागे या कागदाची अंमलबजावणी डॉ. अतिशय यांनी करावी. वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली. मनुबाईंनी कलम ५ डॉक्टरांकडून दोनदा वाचून घेतले आणि मग पेन मागितला.

ठिकाण : समडोळी
दिनांक : १९ सप्टेंबर २०२५

(सही) तवनाप्पा आदगोंडा आवटी

साक्षीदार :

१. (सही) डॉ. अतिशय भूपाल चौगुले, वय ४४, व्यवसाय वैद्यकीय, रा. समडोळी.

२. (सही) मनुबाई नाथाजी माने, वय ६१, रा. समडोळी. व्यवसाय, त्यांनी सांगितल्याप्रमाणे : साईराजची आई.