एकोणीस मिनिटं

प्रिय ठमे,

फोनवर बोलायला लागलो की तू रडतेस आणि मग मी खोटं बोलते, म्हणून या वेळी लिहायला बसले आहे. त्या रात्री तुझ्या बाबांच्या, आपल्या काकांच्या घरी जे झालं, ते मी तुला सांगितलं तसं झालेलं नाही. सगळं लिहिणार आहे. पण सरळ मुद्द्यावर यायला मला जमत नाही हे तू शाळेपासून बघत आली आहेस, तेव्हा थोडी वळणं घेऊ दे.

तू मला घुबड म्हणायला लागलीस त्याला आता अकरा वर्षं होतील. प्राणी नियंत्रण अधिकारी असं कार्डावर लिहिलेलं असलं तरी लोकांच्या लेखी मी कुत्री पकडणारी बाई. आठवड्यातून चार रात्री फोन उशाशी, बूट दाराशी आणि गाडीची किल्ली बुटात, म्हणजे झोपेत शोधायला नको. माझं लग्न झालं नाही म्हणून आई हळहळते, पण रात्री अडीच वाजता अख्ख्या शहराला माझीच आठवण येते, हे काय कमी आहे? मागे एका रात्री वॉशिंग मशीनमागे साप, जिन्यात वटवाघूळ आणि वर एका गृहस्थांचा फोन, की शेजाऱ्याचा कोंबडा फार लवकर आरवतो, त्याला समज द्या. मी विचारलं, कोंबड्याला की शेजाऱ्याला? पण अशा रात्री थोड्या. बहुतेकदा रस्त्याच्या कडेला काहीतरी पडलेलं असतं आणि त्यात जीव आहे की नाही, हे बॅटरीच्या उजेडात मला ठरवायचं असतं. घरी येऊन हात धुते, तरी जेवण जात नाही.

या कामात पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की घाई करायची नाही. घाबरलेल्या जनावरासमोर खाली बसायचं, नजर त्याच्या कानांवर ठेवायची आणि बाकीचं जग विसरायचं. काठी सगळ्यात शेवटी. लांब काठी असते, टोकाला तारेचा फास. तो गळ्यात पडला की दोन मिनिटांत काम होतं, पण जनावर ते विसरत नाही. काकांचा कुत्रा, साहेब, तोही विसरला नव्हता. आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या गळ्याभोवती केस नव्हते, नुसता वळ होता, आणि नोंदीत दोन माणसांना चावल्याचं लिहिलेलं होतं. अशा कुत्र्याचं आमच्याकडे काय होतं, ते तुला सांगायला नको.

मी त्याला काकांकडे नेला. नियमात ते बसत नव्हतं, मी बसवलं. तू नुकतीच दूरच्या नोकरीवर गेली होतीस, काकांनी चष्म्याचं दुकान बंद केलं होतं आणि दिवसभर ते खिडकीशी बसून लोकांच्या नाकावरचे चष्मे वाकडे आहेत म्हणून कुरकुरत असायचे. त्यांनी याला पाहिलं आणि म्हणाले, "तोरा बघ याचा! हा कुत्रा नाही, साहेब आहे." तीन दिवस तो कपाटाखालून निघाला नाही. चौथ्या दिवशी काकांच्या पायावर डोकं ठेवून झोपला. त्या दिवशी मी त्याच्या कानात सांगितलं, की यापुढे तुला काठी दिसणार नाही. कुत्र्याला वचन देणारी मी, मला कुणी शहाणी म्हणेल का? पण दिलं, आणि ते पाळायला गेले तिथेच घात झाला.

फोन आला तेव्हा पावणेतीन वाजले होते. पत्ता ऐकला आणि बुटाच्या नाड्या न बांधताच निघाले. साहेब तासभर भुंकतोय म्हणून शेजारच्या मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं होतं. काका न्हाणीघराच्या दारात पडले होते आणि त्यांच्यापुढे, त्या अरुंद बोळात, साहेब दात विचकून उभा होता. अॅम्ब्युलन्सवाले दोघं बाहेरच्या खोलीत थांबलेले. कुत्रा हलल्याशिवाय पुढे जायचं नाही हा त्यांचा नियम, आणि एकाच्या हाताला साहेबचा दात लागलाही होता. मला पाहून साहेबची शेपटी हलली, पण तो बाजूला झाला नाही. मी खाली बसले. त्याच्याशी बोलायला लागले. अॅम्ब्युलन्सवाली बाई मागून म्हणाली, "काठी नाही का तुमच्याकडे?" मी म्हटलं, "आहे, पण लागणार नाही. हा माझा आहे. देते मी बाजूला करून." ती पुन्हा म्हणाली, "बाई, लवकर करा हो." मला तिचा राग आला, ठमे. मला वाटलं, हिला जनावरांतलं काय कळतं?

मी तुला सांगितलं की आम्ही पोहोचण्याआधीच काका गेले होते. कागदावरही दाखल करण्यापूर्वी मृत असं लिहिलंय, त्यामुळे माझं खोटं खपून गेलं. खरं म्हणजे साहेबच्या पायांमधून मला काकांचा उजवा हात दिसत होता, आणि त्याची बोटं हलत होती. मी ते पाहिलं. पाहून मला बरं वाटलं. जिवंत आहेत, म्हणजे वेळ आहे, असं मनात आलं आणि मी नजर परत कुत्र्याच्या कानांवर नेली. अकरा वर्षांची सवय! जखमी जनावर श्वास घेत असलं की आम्ही घाई करत नाही. समोर माणूस पडला आहे आणि माणसाचा हिशेब वेगळा असतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. साहेब हळूहळू शांत झाला, त्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, मी त्याला उचलून बाहेर आणला. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. मागे वळून पाहिलं तर ती बाई काकांच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होती. रजिस्टरात माझ्याच अक्षरात आहे: पोहोचले दोन अठ्ठावन्न, प्राणी ताब्यात तीन सतरा. डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, कदाचित काही फरक पडला नसता. त्यांच्या त्या कदाचितने माझी झोप गेली. साहेब माझ्याकडेच आहे, दारातल्या पायपुसण्यावर झोपतो, आणि त्याच्याकडे पाहिलं की कधी कधी मला त्याचा तिरस्कार वाटतो. मग त्याहून जास्त माझा.

आता हे आजच का लिहिते आहे ते सांगते. तू मला न सांगता आमच्या साहेबांना, म्हणजे माणसातल्या साहेबांना, पत्र पाठवलंस. काल पाळी बदलताना त्यांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तिने बाबांच्या लाडक्या कुत्र्याला त्या वेळीही फास लावला नाही, बाबांना हेच हवं होतं, तिच्यासारखी माणसं तुमच्याकडे आहेत हे तुमचं भाग्य, असं तू लिहिलं आहेस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी सहा नवी माणसं कामावर येताहेत, त्यांच्यापुढे तुझं पत्र वाचायचं आणि धीर कसा धरावा ते मी सांगायचं, असं ठरलं आहे. मी नाही म्हटलं नाही. मी उभी राहणार आहे आणि एकोणीस मिनिटं कशी गेली ते त्यांना जसंच्या तसं सांगणार आहे, कारण त्यांच्यातल्या कुणाच्या तरी समोर एक दिवस असाच हात हलत असेल. पण काका तुझे होते. सहा अनोळखी माणसांच्या आधी हे तुला कळायला हवं. माफी मागत नाही, ती मागायचं तोंड मला नाही. तुला माझ्याशी पुन्हा बोलायचं नसेल तर ते मी समजून घेईन. फक्त ते पत्र मागे घ्यायचं असेल तर सोमवारच्या आत कळव, मी स्वतःच्या हाताने काढून तुला परत पाठवीन.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
घुबड