बेडकीचं बॉनेट

१७ ऑगस्ट, रवि.

आज बेडकीचं, म्हणजे आमच्या गाडीचं, बॉनेट यांच्या हातावर पडलं. एका बोटाचं नख काळंनिळं झालं. फायबरचं म्हणून बोट राहिलं, पत्र्याचं असतं तर गेलंच होतं. टेकू म्हणून हातमागाचा एक लाकडी दांडका लावतात, चादरीचं दुकान होतं तेव्हापासूनचा. तो आपोआप सरकला म्हणे. आपोआप कुठला सरकतोय! हात थरथरला, कोपर लागलं, दांडका सुटला. मी दारातून बघत होते की. पण बोलायची सोय नाही. कंपवाताचं नाव काढलं की माणूस जेवत नाही.

हळद लावली. लई लागलं का विचारलं तर म्हणतात, 'गाडीला काही झालं नाही.' घ्या आता.

१९ ऑग.

पल्लवीचा पुण्याहून फोन. बोटाचं ऐकून सुरूच झाली. 'आई, ती गाडी विकून टाका. दोन सीटची, छप्पर कापडाचं, पप्पांनी ह्या वयात काय करायची ती? डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?'

ऐकलं. पाय मधेच जागच्या जागी चिकटल्यासारखा होईल, म्हणाले. पण लेकीला एक माहीत नाही. गेल्या महिन्यात सात रस्त्याजवळ चिकटलाच. ब्रेक लागेस्तोवर पुढच्या नारळवाल्याच्या हातगाडीला धक्का. नारळ रस्त्यावर गडगडले. तो बाबा उडी मारून बाजूला झाला म्हणून. हे म्हणाले, चप्पल अडकली. मीही त्याला तेच सांगितलं, चप्पल अडकली. घरी येऊन ती चप्पल माळ्यावर टाकली, जसं काही चपलेचाच गुन्हा.

कुणालाच सांगितलं नाही. हितंच पहिल्यांदा लिहितेय.

२१ ऑग., गुरु.

दांडक्यावर आता भरवसा नाही, म्हणून बॉनेट मी धरते. दोन हात वर करून अर्धा तास. हे आत वाकून पाणी बघतात, वायरी बघतात, बघितलेलंच परत बघतात. माझा खांदा भरून आला तरी बोलले नाही. तेवढ्या वेळात हे बोलतात, म्हणून. एरवी दिवसभर तोंडात मूग. बॉनेटखाली डोकं गेलं की सगळं आठवतं. गोव्याहून गाडी आणताना पल्लवी माझ्या मांडीवर कशी झोपली, गल्लीतल्या पोरांनी हिरवा रंग बघून बेडकी नाव कसं ठेवलं.

आज डोकं बाहेर काढून म्हणाले, 'तू काय खांब आहेस का असं उभं राहायला? गॅसचे शॉकर बसवतो. दोन बाजूला दोन नळ्या. एका बोटानं वर उचललं जातं, वरच राहतं. कुणाला बोलवायला नको.'

कुणाला म्हणजे मलाच.

वर म्हणाले, 'दसऱ्याला अकलूजला बेडकीनंच जायचं. ताईला सोनं द्यायला.' नणंदेकडं दरवर्षी जातोच. पण यंदा, असा पाय असताना? अकलूज काय कोपऱ्यावर आहे?

२४ ऑग., रवि.

माझा भाऊ शिवा जेवायला आला होता. शेंगाचटणी संपवली सगळी.

हे तीन दिवस कागदावर मापं काढतायत. वजनकाट्यावर स्वतः उभे राहून, मग बॉनेटची कड हातात धरून, असं काय काय. काटा थरथरतोय म्हणून वैतागत होते. काटा कसला थरथरतोय.

शिवाच्या फर्निचरच्या दुकानात पलंग असतात, गादीसकट वर उचलले जाणारे. तो म्हणाला, 'दाजी, बाहेरून कशाला मागवताय? पलंगाच्या नळ्या पडल्यात की माझ्याकडं. त्याबी गॅसच्याच. उद्या दुकान बंद हाय, घेऊनच येतो.'

हे गप्प. ते गप्प राहणं मला कळतं. बायकोच्या भावाला नको कसं म्हणायचं, ते. मी तरी तोंड बंद ठेवायचं! पण नाही. 'एवढं मायेनं म्हणतोय तर घ्या की,' मीच म्हणाले. घरचं दुकान असताना बाहेरचं कशाला, हे आमच्या घरात सगळ्याच बाबतीत चालतं. कुंकवापासून पलंगापर्यंत.

२५ ऑग., सोम.

नळ्या बसवल्या. कर्म माझं.

सकाळी शिवा यायच्या आधीच यांनी सुरू केलं. बॉनेटच्या आतल्या बाजूला भोकाची खूण करायची, तर पेन्सिल टेकेना. एक ठिपका, मग दुसरा, मग तिसरा, मुंग्या सोडल्यासारखे. मी बॉनेट धरून वर बघत राहिले, पाहिलंच नाही असं दाखवलं. पहिलं भोक पाडलं ते वाकडंतिकडं, लांबट. हे ड्रिल खाली ठेवून पायरीवर बसले. 

मग म्हणाले, 'तू पाड.'

मी! जन्मात मिक्सरपलीकडं काही चालवलं नाही. यांनी डोक्यावर बॉनेट तोललं, मी ड्रिल धरलं. 'सरळ. दाबू नको. त्याचं ते जातं.' गेलं की! गोल, स्वच्छ भोक. हे म्हणाले, 'शाब्बास.' मला लई आनंद झाला आणि लगेच लाज वाटली. यांच्या हातातलं काढून घेतल्यासारखं.

मग शिवा आला, त्यानं पट्ट्या, बोल्ट सगळं आवळलं. नळ्या अडकवल्या. हात काढले, तर बॉनेट जे उसळलं! सटकन वर. हे मागं सरले नसते तर हनुवटीच गेली असती. शिवा टाळ्या पिटतोय, 'बघा दाजी, एका बोटानं!'

उघडलं खरं. मिटेना. हे दोन्ही हातांनी रेटतायत, ते तसूभर खाली येतंय, परत वर. शिवानं जोर लावला तर कडा खाली आल्या आणि मधोमध फायबर फुगलं, कट् असा आवाज. हे ओरडले, 'साकु! सोड!' रागावले की कानडीच बाहेर येते, पुरे म्हणायचं तर साकु. बारीक तडा गेलाय, नखाएवढा.

शिवाचं तोंड एवढंसं झालं. त्याला काय बोलायचं? बोलायचं तर मलाच.

३ सप्टें., बुध.

गौरी गेल्या. आठ-दहा दिवस लिहायला फुरसत नाही.

बॉनेट वरच. पाऊस येतो म्हणून ताडपत्री टाकली. हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई पोर्चमध्ये थबकते. 'बेडकीनं आ का केलाय हो?' मी हसते. हे आत पेपर तोंडासमोर धरून बसतात. पेपर वाजत असतो.

नळ्या काढून टाकू म्हटलं, परत दांडका लावू. नाही. 'आता लावल्या तर नीटच लागतील.' रोज सकाळी जाऊन एकदा दाबून बघतात. हात नुसते घसरतात. मागून बघवत नाही. पुढं होऊन हात लावला तर झिडकारतात, नाही लावला तर म्हणतात, 'बघत काय उभी राहिलीस?' मी करावं तरी काय?

५ सप्टें.

खरं लिहू का? बॉनेट उघडं आहे तोवर गाडी जागची हलत नाही. ह्या दिवसांत मला जेवढी झोप लागली तेवढी उन्हाळ्यापासून लागली नव्हती.

लिहिलं खरं, आता वाचवेना.

८ सप्टें., सोम.

रशीदमामा येऊन गेले. गाडीचं काम पहिल्यापासून त्यांच्याकडंच. नळीवर टिचकी मारली आणि हसायलाच लागले. 'भाभी, ये गाडी का नै, पलंग का माल है. दो माणसं और गादी उचलता ये. ये बिचारी का बॉनेट तो पापड है.' यांच्याकडं वळून म्हणाले, 'साब, आपको तो मालूम था ना?'

हे म्हणाले, 'मालूम था.'

माझ्याकडं बघितलं नाही, तेवढी मेहरबानी.

हलक्या नळ्या मिळतात, छोट्या गाडीच्या डिकीच्या. भोकं तीच चालतील. जुन्या काढायच्या, नव्या अडकवायच्या, दहा मिनिटांचं काम, मामा म्हणाले. यांनी फोनवरून मागवल्या. आठवडाभरात येतील. लगेच अकलूजला ताईंना फोन केला, 'दसऱ्याला आलोच समज.' कितीतरी दिवसांनी आवाज मोठा लागला होता. पोटभर जेवले.

माझं पहिलं काम भोवलं, असंही वाटलं. ते भोक मीच पाडलं ना, आता नव्या नळ्याही त्यातच बसणार.

१२ सप्टें.

संडासाच्या उंबऱ्याशी पाय चिकटला. दोन-तीन मिनिटं तसेच उभे. मी पाठीमागं, हात लावू का नको. मग आपोआप सुटला. 'काय झालं?' म्हटलं. 'काही नाही, विचार करत होतो.'

दुपारी पल्लवीशी बोलताना ओठावर आलं होतं. नारळवाल्याचं. गिळलं. सांगितलं तर ती येऊन किल्लीच घेऊन जाईल. बापाच्या हातातली किल्ली लेकीनं काढून घ्यायची, आणि मी बघायचं. नाही सांगितलं तर... काय ते मला लिहवत नाही.

१५ सप्टें., सोम.

आल्या.

हे दाढी करायला कोपऱ्यावर गेले होते. स्वतःची स्वतःला होत नाही आता. कुरिअरवाल्यानं नाव विचारलं, सही घेतली, लांबट खोका हातात दिला आणि गेला. हलकाच आहे. मी तो घेऊन घरभर फिरले. देवघर, बेडरूम, परत स्वयंपाकघर. फाटकाची कडी वाजली आणि खोका तांदळाच्या डब्याच्या मागं गेला. कुणी ठेवला? मीच. हातांनी ठेवला, मी बघत राहिले.

'कुरिअर आलं का गं?'

'नाही अजून.'

चौतीस वर्षांच्या संसारात यांच्याशी खोटं बोलले नाही असं नाही. पण असं न चाचरता कधी बोलले नव्हते.

१८ सप्टें.

आज परत विचारलं. चहाच्या वेळी. नाही म्हटलं. 'उशीर करतात लेकाचे,' म्हणाले. मी पोळ्या लाटत होते, पाठ होती म्हणून बरं.

२२ सप्टें., सोम.

घट बसले. देवीपुढं हात जोडले आणि मागायचं काय तेच कळेना. नळ्या सापडू देत का सापडू नयेत. ह्यांना बरं कर म्हणावं, तर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, हे वाढतच जाणार. 

शेजारचे काका भिंतीवरून, 'आलं का हो पार्सल?' हे मोठ्यानं, 'कुठलं हो! बायको रोज वाट बघतेय.' मी आत निघून गेले.

तांदूळ काढताना रोज खोक्याला हात लागतो. शिवाला सांगितलं फोनवर. म्हणाला, 'बिडु अक्का, ऱ्हाऊ दे तितंच.' त्याचं सोपं आहे. तो घरी जातो.

२६ सप्टें.

दोन दिवस सारखा पाऊस. ताडपत्रीत पाणी साचलं, ह्यांनी काठीनं वर ढोसून सांडवलं, निम्मं स्वतःच्याच अंगावर. इंजिनावर माझी जुनी सोलापुरी चादर घातली. आजारी माणसाला घालावी तशी चारी बाजूंनी खोचत होते. हात थरथरत होता तरी एकेक कोपरा नीट. मी चिडले, 'ओले होताय, या आत!' ओरडलेच जवळजवळ. काय करू, मायेचं काही बोलायला गेले की माझा आवाज चढतो.

३० सप्टें., मंगळ.

सकाळी फोन माझ्यापुढं धरला. 'माझी बोटं अक्षरावर बसत नाहीत. तू टाक ताईला. यंदा जमत नाही, नळ्या आल्या नाहीत म्हणावं.' आणि आंघोळीला गेले.

निरोप टाकला. परत मागं यायला गेले तर दुसरंच काही उघडलं. कुरिअरचा मेसेज. पंधरा तारखेचा. पार्सल पोचलं. घेणाऱ्याचं नाव : महानंदा, म्हणजे मी.

वाचलेला होता. हे फोनवर आलेलं काही वाचायचं ठेवत नाहीत, वीजबिलाचा मेसेजसुद्धा दोनदा वाचतात.

म्हणजे पंधरा तारखेला, कोपऱ्यावर दाढी करताना, नाहीतर घरी येताना रस्त्यातच. म्हणजे फाटकाशी विचारलं तेव्हा माहीत होतं. अठराला माहीत होतं. काकांना 'बायको वाट बघतेय' म्हणाले तेव्हाही. रोज विचारायचे आणि मी नाही म्हटलं की बरं म्हणून पेपर उघडायचे.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत होता तोवर रडून घेतलं. राग आला, लई राग आला. पंधरा दिवस मी जळतेय एकटी! आणि यांना भीती वाटते. एवढंच. माझ्याएवढीच वाटते, आणि तोंडानं म्हणवत नाही. मलाही कुठं म्हणवतंय.

फोन आपणहून हातात दिला. मुद्दाम दिला की विसरले? आता विसरतातही.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी

हत्यारांची पूजा. पाटावर लाल कापड घालून पाने, पकड, ड्रिल मांडलं. मागाचा दांडका मधोमध. एकदा पूजेत ठेवलं की आज त्याला हात लावायचा नाही, उद्या दसऱ्यालाच उचलायचं.

मांडताना खोका डब्यामागून काढला. पदराखाली घेऊन पाटापर्यंत आले. ठेवला असता म्हणजे सगळंच उघड्यावर. कुणाला काही म्हणायला लागलं नसतं. मग परत जाऊन होता तिथंच ठेवला. का, ते विचारू नये.

यांनी आंघोळ करून पांढरा सदरा घातला होता. बटणं मी लावली. पोर्चमध्ये जाऊन ताडपत्री काढली, चादर काढली, गाडी पुसली. दोन तास. उघड्या बॉनेटला झेंडूची माळ बांधायची होती. दोन्ही बाजूंच्या नळ्यांना टोकं बांधायची, तर गाठ बसेना. दोरा सुटतोय, परत धरतायत, परत सुटतोय. मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन शेजारी. आज पुढं झाले नाही, आत गेले नाही.

शेवटी बसली गाठ. सैल, पण बसली.

तेव्हा विचारलं. माझ्याकडं न बघता, नळीवरून बोट फिरवत. 'कुरिअर आलं का गं?'

सगळं सांगून टाकावं असं झालं. नारळवाला, चप्पल, मेसेज, तांदळाचा डबा. ताटातल्या निरांजनाला पदर आड धरला.

'नाही अजून.'

'बरं,' म्हणाले.

मग कुंकू लावायला वाकले. मी त्यांचं मनगट धरलं, धरू दिलं. बॉनेटला बोट टेकवलं दोघांनी मिळून. थोडं वाकडं लागलं.

आत येऊन हे लिहितेय. हे अजून बाहेरच आहेत, ड्रायव्हरच्या सीटवर बसलेत, दार उघडं ठेवून. समोर बॉनेट उभं असल्यानं काचेतून काही दिसत नसणार. गाडीची किल्ली नेहमीच्या खुंटीला नाही. मघाशी होती की नाही, आठवत नाही.