तुझ्या गालावरचे व्रण

प्रिय रुक्मिणी,

उशीर झाला, रागावू नकोस. तुला जाऊन तीन वर्षं झाली आणि मी आज पहिलं पत्र लिहितो आहे. तू तिरुवलंचुळीला माहेरी जायचीस तेव्हाही माझं उत्तर आठ-आठ दिवस निघायचं नाही. परत आलीस की विचारायचीस, दौत वाळली होती का? या वेळी तसं नाही. वर काय लिहावं यातच सकाळ गेली. बायकोला पत्र लिहिताना आशीर्वाद लिहितात, पण गेलेल्या माणसाला आशीर्वाद द्यायचे की त्याच्याकडून घ्यायचे? पाचवीत शाळा सुटलेल्या माझ्यासारख्याला हे कोण सांगणार? म्हणून नुसतं प्रिय लिहिलं. जिवंतपणी एकदाही म्हटलं नाही ते.

आता लिहितो आहे, कारण माझ्या हातून तुझा चेहरा हरवला आहे. हे मी कुणाला सांगू?

तुझा एकच फोटो घरात होता, आठवतो ना? रघूच्या मुंजीतला. मी, तू, रघू आणि माझी आई. तिघांनी मिळून फोटो काढू नये, एक जण जातो, असं इथले तमिळ लोक म्हणतात. तेवढं निमित्त तुला पुरायचं. मी, रघू आणि तू असे उभे राहिलो की तू हळूच बाजूला व्हायचीस. सगळ्या फोटोंत कडेला तुझा पदर आहे, कोपर आहे, तू नाहीस. मुंजीच्या दिवशी आईने हात धरून ठेवला म्हणून चौथी म्हणून सापडलीस. तेही डोळे अर्धे मिटलेले, आणि फोटोला मधोमध भेग गेलेली. एकदा तरी नीट उभी का राहिली नाहीस गं?

का राहिली नाहीस ते मला ठाऊक आहे. त्यावर पुढे येतो.

गेल्या वर्षी महामहम तळ्याजवळच्या सेल्वमने त्याच्या स्टुडिओत कॉम्प्युटर आणला. हा सेल्वम म्हणजे आपल्या दुकानातून कॉफीपूड न्यायचा तोच. पाटी लावली, जुने फोटो नवे करून मिळतील. श्राद्धाला पाटावर ठेवायला तुझा धड फोटो नव्हता, म्हणून मी मुंजीचा फोटो पिशवीत घालून गेलो. त्याने तो एका काचेवर पालथा घातला, झाकण लावलं, आतून उजेड सरकत गेला आणि तू टीव्हीसारख्या पडद्यावर आलीस. इतकी मोठी! मला उगाच वाटलं की तू आता ओरडणार, बंद करा ते.

सेल्वमने आधी मला, रघूला आणि आईला काढून टाकलं. तू एकटी उरलीस. मग भेग बुजवली. इथवर ठीक होतं. तिथेच उठून आलो असतो तर?

पण माझा स्वभाव तुला माहीत. मी म्हटलं, डोळे उघडता येतील? तो म्हणाला, येतील. त्याच्याकडे पासपोर्टसाठी काढलेले कितीतरी चेहरे साठवलेले होते. त्यातल्या चोळपुरमच्या एका बाईचे डोळे त्याने उचलले आणि तुझ्या पापण्यांवर बसवले. मी म्हटलं, केस जरा काळे कर. केले. साडीचा काठ पुसट दिसतो. तोही ठळक केला. तीन दिवस मी त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसून होतो. शेवटी तो नातवाने आजोबाला हसावं तसा हसला.

"तात्ता, कावेरीचं पाणी आटेल, पण तुमचं 'अजून थोडं' काही आटायचं नाही."

मग मी म्हटलं, गालावरचे देवीचे व्रण काढ.

काढले. बोटाने रांगोळी पुसावी तसे गेले.

रुक्मिणी, हे मी दुसऱ्यांदा केलं. पहिल्यांदा केलं तेव्हा तू सोळा वर्षांची होतीस. लग्नानंतर जोडीचा फोटो काढायला आपण गेलो होतो. मागे रंगवलेला पडदा, तू खुर्चीवर, मी उभा. मी फोटोवाल्याला तमिळमध्ये हळूच म्हटलं होतं, हिला पावडर जास्त लावा, व्रण दिसायला नकोत. घरी मराठी बोलतो म्हणून तुला तमिळ कळणार नाही असं मला का वाटलं असेल? तूही याच मुलखातली ना! तू फोटो निघण्याआधीच खुर्चीवरून उठलीस आणि बाहेर घोडागाडीत जाऊन बसलीस. त्यानंतर 'तिघांचा फोटो नको' सुरू झालं. मीही ते खरं मानल्यासारखं वागलो. चाळीस वर्षं आपण दोघं ते निमित्त सांभाळत राहिलो.

आणि तू गेल्यावर, अडवायला कुणी नाही असं पाहून, मी तेच पुन्हा केलं.

अजून एक केलं, ते लिहिताना हात थांबतो. नवा फोटो चौकटीत लागला तेव्हा मला धास्ती वाटली की भेगाळलेला जुना घरात कसा ठेवायचा? भंगलेली मूर्ती आपण ठेवत नाही, नदीत सोडतो. मी तो फोटो हळदकुंकू वाहून, तुळशीचं पान ठेवून, कावेरीच्या घाटावर जाऊन पाण्यात सोडला. नमस्कारही केला. दोन हात पुढे जाईपर्यंत तो वर होता, तोंड वर करून. मग उलटला. मला वाटलं, मी फार शास्त्राप्रमाणे केलं.

रघूला अमेरिकेत सेल्वमने फोटो कॉम्प्युटरवरूनच पाठवला. पोहोचायला एक दिवसही लागला नाही म्हणे. रघूने तो पुण्याला, बंगळूरला, सगळ्या चुलत-मावस भावंडांना पाठवला. त्यांनी छापून घेतला. काकू किती सुंदर दिसते, मावशी किती सुंदर दिसते, असे फोन आले. आता चार गावांत तुझ्या श्राद्धाला हाच फोटो मांडतात.

मीही खूश होतो, खोटं कशाला सांगू? पंधरा दिवसांपूर्वी पच्चैअम्मा फुलं द्यायला आली. तीस वर्षं रोज सकाळी दारात तुझ्याशी भांडून मोगरा मोजून द्यायची तीच. गुडघे धरल्यापासून तिची सून यायची, म्हणून तिने फोटो पाहिलेला नव्हता. आत डोकावली आणि मला म्हणाली,

"सामी, ही कोण? तुमची बहीण वारली का?"

मी म्हटलं, अगं, ही आपली रुक्मिणी. ती जवळ आली, बराच वेळ पाहिलं आणि फुलं उंबऱ्यावर ठेवून गेली. फोटोला घातली नाहीत.

त्या दिवसापासून मला तो फोटो पाहवत नाही. चोळपुरमची ती बाई माझ्याकडे बघते. ती जिवंत असेल गं, कुठेतरी भात शिजवत असेल, आणि मी इथे तिच्या डोळ्यांना हार घालतो आहे. तिला काही झालं तर?

मी सेल्वमकडे धावलो. म्हटलं, पहिली होती तशी दे. त्याने शोधलं. प्रत्येक वेळी त्याच नावावर नवं साठवत गेल्यामुळे जुनं पुसलं गेलं होतं. मला नदीतला फोटो आठवला आणि मी तिथेच भिंतीला टेकलो. तो घाबरला, पाणी दिलं. म्हणाला, रडू नका तात्ता, डोळे मी पुन्हा मिटवतो, व्रणही परत उमटवून देतो, त्यात काय मोठं? माझा हात धरून त्याने पडद्यावरचा बाण तुझ्या गालावर आणला.

"सांगा, कुठे होते?"

मला सांगता आलं नाही.

मोठा व्रण भुवईपाशी होता, एवढं नक्की. पण उजव्या की डाव्या? तू आरशासमोर बसून कुंकू लावायचीस आणि मी मागे पाटावर कॉफी पीत बसलेला असायचो. मला तू आरशातच आठवतेस. आरशातली बाजू खरी धरायची की उलटी? आणि गालावर किती होते, तीन की पाच? ज्या व्रणांची मला इतकी लाज वाटली, ते मी एकदाही नीट पाहिले नव्हते. मी बोट इकडे नेलं, तिकडे नेलं, आणि काढून घेतलं.

पच्चैअम्माला विचारलं. ती म्हणाली, सांगता नाही यायचं, समोर आली तर ओळखेन. रघूला फोन केला. तो म्हणाला,

"अप्पा, मला ते कधी दिसलेच नाहीत. मला आई दिसायची."

मला काय दिसायचं गं मग?

आता डोळे मिटले तरी तोच गुळगुळीत गाल येतो. उरलंसुरलं मनातलंही तो फोटो पुसत चालला आहे. आणखी वर्षभराने मला ती चोळपुरमचीच बाई माझी बायको वाटेल, याची मला फार भीती वाटते.

चौकट काल उतरवली. खिळा तसाच आहे. रघूला आणि बाकी सगळ्यांना मी कळवीन की ही ती नव्हे, आणि कुणाच्या लाजेने हे झालं तेही लिहीन. यंदाच्या श्राद्धाला पाटावर फोटो नसेल. नुसता दिवा ठेवीन. आणि तुझ्या तोंडावरचं काहीही मी यापुढे कुणाला काढायला सांगणार नाही, हा शब्द देतो.

फक्त एवढं कळव. स्वप्नात ये, नाहीतर पच्चैअम्माच्या तोंडून सांग, कसंही सांग. भुवईवरचा तो व्रण उजवीकडे होता की डावीकडे? माझं वय आता सत्तरीच्या पुढे गेलं आहे, उशीर करू नकोस. मी केला तसा करू नकोस.

ज्याचं नाव तू कधी घेतलं नाहीस तो,
व्यंकटराव