शेजारणीच्या दारावरचा शब्द

ता. ४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं तर नाही.

काल सकाळी आंघोळ करून देवांपुढे बसलो आणि पूजा अर्धी टाकून उठलो. माझे देव पुस्तकांच्या कपाटात वरच्या फळीवर असतात. त्यांना लागून तुझ्या दिराचे ओले मोजे वाळत घातले होते. मोजे उचलले, फळी पुसली, पुन्हा आंघोळ केली आणि पाहुणे उठायच्या आत कॉलेजात जाऊन बसलो. तास दुपारी होता.

नुसत्या मोज्यांचं नाही गं. शाळेत तो माझ्या शेजारी बसून सगळ्यांवर हुकूम सोडायचा, म्हणून गुरुजींनी त्याला कारभारी म्हटलं. इथेही आल्या दिवसापासून कारभार त्याचाच. जेवायच्या टेबलावर पायाची नखं कापतो. बेसिनमध्ये चघळलेल्या सुपारीचा चोथा. माझ्या टॉवेलला त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास. तुझ्या जाऊबाई, म्हणजे आमच्या वहिनी, माझ्या कॉलेजच्या मुलांच्या गणिताच्या पेपरांवर गरम पातेलं ठेवतात आणि वर मलाच विचारतात, परदेशात शिकवता, मग घरात एक धड फडकं कसं नाही? हेही गिळलं असतं.

पण समोरच्या घरातल्या, इथल्याच मुलखातल्या आजी! मी तापाने पडलो होतो तेव्हा याच बाईंनी मला उठवून बसवलं, खाऊ घातलं. त्यांना दिवसभर कुंड्यांतली माती उकरायचा नाद. ओळख करून द्यायला गेलो तर मातीच्या हातांनीच बाहेर आल्या. कारभाऱ्याने हात जोडले आणि मधाळ हसून मराठीत म्हणाला, ही तर घूस आहे. आजींनी अर्थासाठी माझ्याकडे पाहिलं. लाजेने माझ्या तोंडून निघालं की आमच्याकडे मातीवर माया करणाऱ्या बाईला असं म्हणतात.

त्या इतक्या हरखल्या की तो शब्द आमच्या लिपीत लिहून मागितला. कारभाऱ्याने ठळक अक्षरांत लिहून दिला. वहिनी तोंडात ओढणी कोंबून आत पळाल्या. आता तो कागद आजींच्या दारावर आहे, आणि रोज सकाळी जिन्यात भेटल्या की त्या छातीवर हात ठेवून मला सांगतात, घूस. मी मान डोलावून खाली पळतो, ताई.

दोघांना जायला सांगावं असं फार वाटतं. पण तो तुझ्या घरातला. तुझ्या होकाराशिवाय जीभ उचलत नाही. भाऊजींना नमस्कार, आणि लोभ आहेच तो असाच राहू दे.

तुझा
धाकटा


ता. ६ मे

चि. धाकट्यास,
अ. आ. मी कागदावर लिहिते आणि पोरगी फोटो काढून पाठवते, तेव्हा अक्षराला नाक मुरडू नकोस. लहानपणी तुला एका आंघोळीसाठी विहिरीपर्यंत फरपटत न्यावं लागे, आणि आता मोज्यांपायी दोनदा? सुधारलास.

इकडे सगळं ठीक. ते दोघं गेल्यापासून घरात भांडं आपटत नाही. सासूबाईसुद्धा गोड बोलायला लागल्यात. म्हणूनच म्हणते, थोडी कळ सोस. तो परत येईल तेव्हा त्याचं ताट मलाच वाढायचं आहे. तू तिथे दार दाखवलंस तर त्याचं उट्टं तो इथे काढेल.

एवढं लिहून तुझं पत्र पुन्हा वाचलं. पहिल्यांदा घाईत तो शब्द नीट पाहिलाच नव्हता.

अरे, तो माझा आहे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, मी चुलीशी वाकून राख ओढत होते तेव्हा त्याने मला तो चिकटवला. अजून पाहुण्यांसमोर मारतो हाक. सगळे हसतात, तुझे भाऊजीही. तुला सांगितलं नाही, तू मैत्री तोडशील म्हणून. मला इतकी वर्षं वाटायचं, आपल्यातच काहीतरी तसं दिसत असेल. पण परक्या मुलखातल्या बाईलाही तोच शब्द? मग त्या मेल्याजवळ दुसरा नाहीच की रे!

वरचं ‘कळ सोस’ खोडलं असं समज. ताटाचं मी बघेन. देवाला माझाही नमस्कार सांग. जीव जप.

तुझी
ताई


ता. ८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं. आलेलं प्रत्येक पत्र मी देवांपुढे ठेवतो. हे ठेववेना.

काल संध्याकाळी दोघांना घेऊन आजींच्या दाराशी गेलो. कारभाऱ्याला वाटलं चहाचं बोलावणं आहे. भांग पाडून आला. मी आजींना सांगितलं की तो एका जनावराचा शब्द आहे, गटारात राहणाऱ्या, बिळं पोखरणाऱ्या मोठ्या उंदराचा. पाहुण्याने तो हसत हसत तुम्हाला दिला आणि मी खोटा अर्थ सांगून गोड केला. कारभारी म्हणाला, काय मास्तर, गमतीचं एवढं काय, बायकांनी असलं मनावर घ्यायचं नसतं. मी त्याचंही भाषांतर केलं, शब्दाला शब्द.

आजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, पहिल्या दिवशीच तुम्हाला खरा अर्थ माहीत होता का? हो म्हणालो. त्यांनी नखाने कागदाचा एकेक कोपरा सोडवला, तो माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

घरात येऊन मी दोघांना सामान बांधायला सांगितलं. वहिनी रडल्या. कारभारी बोट नाचवत म्हणाला, घरी जाऊ दे मला, मग तुझ्या ताईला काय वाटतं ते विचार. मी म्हटलं, तिला विचारूनच सांगतोय.

तो तिथे पोहोचेल तेव्हा तुला काय ऐकावं लागेल याचीच काळजी आहे. एक शब्द जरी बोलला तरी मला कळव. मी सुट्टी टाकून येईन आणि भाऊजींसमोर बसेन. त्यांना आधी लिहू का, तेही सांग.

आजींचं दार आजही उघडलं नाही. जिन्यात मी थांबलो होतो.

लोभ कमी केलास तरी चालेल, आता काही लपवू मात्र नकोस. कारभारी आणि वहिनींना आज सकाळी स्टेशनाजवळच्या लॉजवर पोहोचवलं, त्याच्याकडून माझ्या घराची किल्ली मागून घेतली आणि निरोप न घेता परत फिरलो.

तुझा
धाकटा