जागा भरली, पण कुणी?

सिकंदराबाद, जानेवारी १९९९

ती. आबासाहेब मामांस, रेणूचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा जिना चढू देतो का? मामींना सांगा, मी आता भाकरी गोल करते (निदान तीन बाजूंनी).

माझा साखरपुडा ठरल्याचं आईनं कळवलं असेलच. मुलगा युवराज, रेल्वेत आहे. हॉल, आचारी, सुलतान बाजारातली साडी, सगळं झालंय. तुम्ही विचारलं होतंत, पोरगी कंपनीत दिवसभर करते काय? तर आमच्याकडे प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यांनी लिहितात. ते जोडून अख्खा माल तयार करायला हुकमांची एक फाइल असते, तिला स्क्रिप्ट म्हणतात. तिच्यात काही जागा आपण भरायच्या असतात: गिऱ्हाईक कोण, जुनं काय पुसायचं वगैरे. मागं कुणीतरी ही पुसायची जागा रिकामीच सोडली. कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक (आपल्या घरातल्या मुलींसारखा). काही सांगितलं नाही म्हणजे सगळंच, असं समजून त्यानं सगळ्यांचं काम साफ पुसलं.

मग मी पदर खोचला. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच तपासणी बसवली: एक जरी जागा रिकामी असली तरी ती तिथंच थांबते आणि कुठली रिकामी ते नाव घेऊन सांगते. ऑफिसात माझा फार बोलबाला झाला (आणि तो रास्तच होता). पण शेजारच्या टेबलावरच्या उदयला सदा घाई. "कायकू टेन्शन लेते, कुछ बी डाल दो, चल जाता," म्हणत त्यानं गिऱ्हाइकाच्या जागी स्वतःचंच नाव टाकलं. जागा भरलेली, तपासणी खूश, आणि अमेरिकेतल्या एका बँकेच्या पडद्यावर सकाळी सकाळी झळकलं, "उदय आपलं स्वागत करत आहे." तेव्हापासून जागा भरली का एवढ्यावर मी थांबत नाही, कुणी आणि काय भरलं तेही बघते. माझ्या नजरेतून आता काही सुटत नाही, मामा.

तुमची भाची,
रेणू

ता. क. साखरपुड्याच्या तयारीत 'मुलीची पसंती' ही जागा आईनं परस्पर 'होय' म्हणून भरली आहे. मला कुणी विचारलंच नाही. फार राग आलाय, आणि बाबांपुढं बोलायला माझी जीभ रेटत नाही. तुम्ही या, आणि चारचौघांत मला विचारा.

आणखी एक. एसटीडी बूथवरून मी युवराजला फोन केला. त्यालाही कुणी विचारलेलं नाही! मग नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे इथल्या मोठ्या प्रदर्शनात, मिरची भजी खात आम्हीच एकमेकांना विचारलं. दोघांचंही होय आहे. घरी बोलू नका. आणि मामा, तरीही विचाराच.